मुलांचं यहुदी शिक्षण: पारंपरिक वर्ग की पुरोगामी?

मुंबईतल्या बेने इस्रायली (मराठी बोलणारे यहुदी) आईवडिलांपुढे दोन वाटा आहेत. एक समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये स्थापलेल्या 'शआर हरहमीम'पासून चालत आलेली पारंपरिक सिनेगॉगची, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाची. दुसरी डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकारानं १९२५ साली सुरू झालेल्या पुरोगामी ज्यूइश रिलिजस युनियनची. 'रोदेफ शालोम' सिनेगॉग तिचंच.

फरक शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, धड्यात लगेच दिसतो. पारंपरिक वर्गात मूल शिकतं की त्या दिवशी ३९ प्रकारची कामं वर्ज्य आहेत. नियम देवाचा, तेव्हा आधी पाळायचा. समज मागून येईल. पुरोगामी शिक्षकानंही हे ३९ प्रकार शिकवायलाच हवेत (जो टाळतो तो आळशी समजावा), पण पुढे तो विचारतो: तुमच्या घरी विश्रांतीचा दिवस कसा असावा, आणि का? तोरा (यहुद्यांचा धर्मग्रंथ) माणसांच्या हातून, काळाच्या ओघात लिहिली गेली हेही तिथं उघड बोलतात. ही वाट सोपी वाटून धरणारे फसतात. आईवडिलांनीच पुस्तक उघडलं नाही, तर मुलाकडे सणाचा फराळ तेवढा उरतो.

मुलगी असेल तर मी बेधडक पुरोगामी वर्ग सुचवेन. पारंपरिक मिन्यानला (सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारा गट) दहा पुरुष लागतात, बायका वेगळ्या बसतात. पुरोगामी पद्धतीत ती मिन्यानमध्ये धरली जाते, तोराही वाचते. रेजिना योनास तर १९३५ मध्येच जर्मनीत रब्बी, म्हणजे धर्मगुरू, झाल्या होत्या.

वडील यहुदी आणि आई नाही, अशा घरात गुंता वाढतो. परंपरेनुसार मुलाला धर्मांतर करावं लागतं. अमेरिकेतल्या रिफॉर्म (पुरोगामी) रब्बींनी १९८३ मध्ये वडिलांकडचा वारसाही मान्य केला. मूल यहुदी म्हणून वाढायला मात्र हवं. पण पुढे इस्रायलमध्ये स्थायिक व्हायचं असेल तर जपून. तिथं यहुद्यांची लग्नं मुख्य रब्बींच्या संस्थेकडे आहेत आणि ती आईकडचंच नातं धरते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला याच संस्थेनं बेने इस्रायलींच्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी लावली होती; आंदोलनानंतर १९६४ मध्ये सरकारला मध्ये पडावं लागलं.

एलियाहू हन्नाबीचा (एलिया प्रेषिताच्या नावानं बेने इस्रायली करतात तो) मलिदा परदेशी पाठ्यपुस्तकांत शोधू नका. तो घरीच, आजीकडून. नाव घालण्याआधी एखाद्या तासाला मागे बसा आणि मुलाच्या आडव्यातिडव्या प्रश्नावर शिक्षक काय करतात ते पाहा.