कापडी गाळणीची कॉफी: काही महिने रोज वापरल्यावर

रोज कॉफी करत असाल तरच कापडी गाळणी घ्या, हे आधीच सांगते. कधीतरी रविवारी एखादा कप करणाऱ्यांना कागदीच बरी. कापड रोजच्या वापरात असलं की छान राहतं, नुसतं पडून राहिलं की त्याला वास लागतो.

माझ्याकडची गाळणी म्हणजे तारेच्या कडीला अडकवलेली फ्लॅनेलची पिशवी आणि लाकडी मूठ. जपानमध्ये या पद्धतीला नेल ड्रिप म्हणतात. कोस्टा रिकामध्ये अशीच पिशवी लाकडी चौकटीत टांगतात, तो चोर्रेआदोर. जर्मनीत मेलिटा बेंट्स यांनी 1908 मध्ये कागदी गाळणीचं पेटंट घेतलं आणि पुढे कापड धुण्याचं काम बहुतेक घरांतून गेलं. ते काम पुन्हा अंगावर घ्यावं का, तर माझ्यापुरतं उत्तर नक्की हो असं आहे.

कारण चव. कागद कॉफीतलं तेल जवळजवळ सगळं अडवतो, त्यामुळे कॉफी स्वच्छ पण हलकी लागते. स्टीलच्या जाळीतून तेलाबरोबर बारीक भुकटीही उतरते आणि शेवटचा घोट गाळाचा येतो. कापड भुकटी धरून ठेवतं, थोडं तेल मात्र जाऊ देतं. कॉफीला वजन येतं, जिभेवर ती मऊ लागते, तरी कपाच्या तळाशी गाळ जवळपास नसतो. गडद भाजलेल्या बियांना हे फार मानवतं, त्यांचा कडवटपणा गोलसर होतो. हलक्या भाजणीच्या बियांचा फळांसारखा आंबटपणा कापडात जरा दबतो, त्यासाठी मी अजूनही कागदच काढते. (कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तरीही कागदच बरा. ते वाढवणारं कॅफेस्टॉल या तेलातच असतं.)

माझं माप 20 ग्रॅम कॉफीला 300 मिली पाणी. दळण भरड, पाणी 90 अंशांच्या आसपास, गडद भाजणीला त्याहून थोडं कमी. आधी कॉफी भिजेल इतकंच पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं, ती फुगते. मग बारीक धार मधोमध. धार कडेच्या उघड्या कापडावर गेली की पाणी कॉफीला न भेटताच खाली उतरतं आणि कप पांचट होतो. तीन-साडेतीन मिनिटांत काम होतं. तेवढा वेळ मूठ हातात धरून मनगट अवघडतं, म्हणून स्टँड असलेला बराच.

आता निगा, कारण या गाळणीचं सगळं यश त्यावरच आहे. नवं कापड वापरण्याआधी थोडा कॉफीचा चोथा घालून उकळायचं, म्हणजे खळ आणि कोऱ्या कापडाचा वास जातो. रोज कॉफी झाली की पिशवी उलटी करून गरम पाण्याखाली चोळून धुवायची. साबण अजिबात नको, त्याचा वास कापडात मुरतो. आणि वाळत घालायची नाही! धाग्यांत उरलेलं तेल हवेत खवट होतं आणि तोच खवटपणा पुढच्या कपात उतरतो. माझी पिशवी फ्रिजमध्ये झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवलेली असते, पाणी रोज बदलते. गावाला जाताना पिळून, पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये.

कापड तपकिरी पडतं, त्याची काळजी करू नका. वास घेऊन बघा. पाणी उतरायला वेळ लागू लागला की कापड दहा मिनिटं उकळायचं, धार पुन्हा मोकळी होते. काही दिवसांनी उकळूनही फरक पडेनासा होतो, तेव्हा मात्र कापड बदलायचं. म्हणून घेताना कापड कडीवरून निघतं की कायमचं शिवलेलं आहे हे नक्की बघा. निघणारं असेल तर जास्तीचं एक कापडही बरोबरच घेऊन ठेवा.