मारीनची फ्लेमेंको बाहुली: जुनी मिळाली तरी घ्याच

देशोदेशीच्या पारंपरिक पोशाखातल्या बाहुल्या जमवत असाल आणि स्पेनची एकच घ्यायची असेल तर ती मारीन या बाहुल्यांच्या कारखान्याची फ्लेमेंको (दक्षिण स्पेनचा नाच) करणारी बाहुलीच घ्या, माझं तरी हे ठाम मत आहे. दक्षिण स्पेनमध्ये चिक्लाना दे ला फ्रोन्तेरा नावाचं गाव आहे, तिथे होसे मारीन वेर्दुगो यांनी १९२८ मध्ये हा कारखाना काढला आणि २०१४ मध्ये तो बंद पडला, म्हणजे जुन्या बाजारात शोधायची तयारी हवी. मला माद्रिदच्या रास्त्रोमध्ये मिळाली, रविवारी सकाळी भरतो तो बाजार.

आधी हात बघा. चेहरा गोडच आहे, तिरकी नजर, लांब पापण्या वगैरे, पण स्वस्तातल्या सुवेनियर बाहुल्यांचे हात म्हणजे नुसते चपटे पंजे असतात आणि हिची बोटं सुटी सुटी आहेत, मनगट नाचताना वळतं तसं वळलंय, एक हात डोक्यावर, एक कमरेशी, त्यामुळे कपाटात नुसती उभी असली तरी ठेका धरल्यासारखी वाटते. खरंच काय सुंदर काम आहे!

मग झगा. लाल कापडावर पांढरे ठिपके, मागे जमिनीवर लोळणारा लांब घोळ (याला बाता दे कोला म्हणतात) आणि त्यावर झालरीच झालरी. मी घोळ उलटून पाहिला, प्रत्येक झालरीच्या कडेला बारीक लेस आहे आणि ती शिवलेली आहे, डिंकाने चिकटवलेली नाही, माझ्या मते चांगली बाहुली आणि एअरपोर्टवरची बाहुली यातला फरक इथेच कळतो. केसात उंच फणी, खांद्यावर गोंडेवाली शाल. या शालींची फॅशनही मोठा प्रवास करून आलीय, चीनमधल्या रेशमी भरतकामाच्या शाली मनिलामार्गे जहाजांनी स्पेनला जायच्या.

फक्त हा पोशाख अख्ख्या स्पेनचा समजू नका हं, तो दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांताचा. पूर्वेकडच्या वालेन्सियात पारंपरिक पोशाखात बायका कानांवर केसांची गोल वेटोळी घालतात, झगाही पूर्ण वेगळा, तिथली बाहुली वेगळी जमवावी लागेल.

त्रास म्हणाल तर धुळीचा. झालरींच्या आत जाऊन बसते, कपडे अंगावरच शिवलेले म्हणून काढता येत नाहीत आणि पाणी लावलं तर लाल रंग पांढऱ्या ठिपक्यांवर उतरायची भीती, त्यामुळे रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश आणि काचेचं कपाट, तेही उन्हापासून लांब. स्पेनमध्ये एकेकाळी घरोघरी या बाहुल्या टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचे, आपण मात्र काचेआडच ठेवाव्यात.

पाचपैकी साडेचार. घेताना लेस मळकी असली तरी चालेल, फणी नसली तरी एकवेळ चालेल, पण बोट तुटलेलं असेल तर ती सोडा आणि दुसरी शोधा.