पीएच.डी.चा विषय निवडताना: कच्चा माल कुणाच्या ताब्यात आहे?

पेटची, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेची, जाहिरात निघाली की छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटजवळच्या टपरीवर एकच चर्चा असते, टॉपिक कोणता घ्यावा. यंदा माझ्याकडे दोन लेकरं आली. एक परभणीचा, एम.एस्सी. मॅथ्स. शुद्ध गणित करावं की डेटा प्रायव्हसी, हा त्याचा पेच. दुसरी अंबडची, बी.एस्सी.ला केमिस्ट्री आणि पुढं पर्यटनात मास्टर्स. तिच्यापुढं फिरायला येणाऱ्या ग्राहकाचं वर्तन होतं, नाहीतर भित्तिचित्रांचं जतन. दोघांनी विचारलं मात्र एकच: "सर, स्कोप कशात आहे?"

स्कोपचं नंतर बघू. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. त्यातली किती वर्षं कच्चा माल, म्हणजे अभ्यासाची सामग्री, मिळवण्यात जातील आणि तो कुणाच्या ताब्यात आहे, हे मी आधी विचारतो.

गणिताचा माल कुणाच्याच ताब्यात नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर १९४९ मध्ये ६१७४ या संख्येपाशी पोचले ते कागद-पेन्सिलीच्या जोरावर. ३५२४ घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा: ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८, आणि आलं ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, इथंच येऊन थांबते. ह्याला ना प्रयोगशाळा लागली, ना कुणाचं ना-हरकत पत्र. १९९१ पासून अर्काइव्ह या ऑनलाइन साठ्यावर शोधनिबंधही फुकट वाचायला मिळतात.

पण आपल्याकडं गाईडचा विषय तोच विद्यार्थ्याचा विषय, हे धरून चाला. फिक्स्ड पॉइंट थिअरी, म्हणजे क्रिया करूनही जागचा न हलणाऱ्या बिंदूचं गणित, मिळाली तर १९२२ च्या बानाखच्या प्रमेयापासून सुरुवात करायची आणि कुठली अट कुठं सैल करता येते ते शोधत बसायचं. चांगलं काम होतंच, पण अट जराशी सैल करून पाडलेला पेपरही भरपूर दिसतो. शिवाय एकाच लेमावर, म्हणजे मोठ्या प्रमेयाआधीच्या छोट्या पायरीवर, चार महिने जातात आणि घरी कुणी "काय करतो दिवसभर?" विचारलं तर दाखवायला काही नसतं. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढं ४२ हजार मिळतात. ती नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपपैकी ज्याला जी लागू असेल ती बघावी. फेलोशिपशिवाय गणित करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गणित मन लावून करायचं तर सोबत तासिका तत्त्वावरची धावपळ झेपत नाही.

डेटा प्रायव्हसी हे दुसरंच खातं आहे असं परभणीच्या पोराला वाटत होतं. मुळात तेही गणितच. अमेरिकेत १९९७ च्या सुमारास लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं नावं काढून टाकलेल्या वैद्यकीय नोंदींमधून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढं मतदार यादीशी ताडून पाहिल्यावर माणूस सापडला. हेच आपल्याकडं आणून बघा. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, समिती नेमली गेली. समजा उद्या कुणी अशा पाहणीचा तक्ता नावं गाळून छापला आणि त्यात तांडा, वय, लेकरं किती एवढंच ठेवलं. दीडशे माणसांच्या तांड्यात ती बाई कोण हे सांगायला संगणक कशाला हवा? म्हणून मग बाहेर द्यायच्या आकड्यांत मोजून-मापून थोडी चूक मिसळायची, म्हणजे एकूण आकडा कामाचा राहतो आणि एकटी बाई ओळखू येत नाही. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या डिफरन्शियल प्रायव्हसीचा गाभा हाच. चूक किती मिसळली की किती संरक्षण मिळतं, हे तिथं सिद्ध करावं लागतं.

अडचण मालाची आहे. दवाखाना किंवा बँक डेटा देत नाही, आणि देऊही नये. त्यामुळं बरेच जण तेच चार परदेशी डेटासेट घोटत बसतात. नोकरीच्या बाजूनं मात्र गणितापेक्षा हे पारडं जड आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमही निघाले. पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या कंपन्यांना ही माणसं लागणारच. पोराला मी सांगितलं, कोड लिहायचा कंटाळा नसेल तर इकडं ये. सिद्धतेची हौस इथंही भागते.

आता अंबडच्या पोरीचं. इथं मी जरा पक्षपाती आहे, कारण माझी स्वतःची पीएच.डी. ग्राहक-वर्तनातली. प्रवेशाला सगळ्यात सोपा आणि वाईट करायलाही सगळ्यात सोपा विषय हाच. माझ्या पहिल्या खेपेच्या तीनशे प्रश्नावल्यांपैकी चाळीसेक एकाच हस्ताक्षरातल्या निघाल्या. ज्या मित्राला वाटायला दिल्या होत्या, त्यानं हॉस्टेलवर बसून भरल्या. 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंतची ती पाच खान्यांची लिकर्टची पट्टी १९३२ पासून चालत आली आहे, तिचा दोष नाही. दोष आमच्या आळसाचा.

चांगला प्रश्न तर बांधावरच पडलेला आहे. हुरडा घ्या. पौषात आगटी पेटवून, गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजून पाहुण्यांना खाऊ घालणं हा आपल्याकडं घरचा मान. पैसे विचारले असते तर पाहुणा उठून गेला असता. आता तोच हुरडा शहराबाहेरच्या शेतात माणशी दरानं मिळतो, सोबत बैलगाडीची फेरी आणि झोका. ज्या घरात सोयाबीननं ज्वारी मागं ढकलली, त्याच घरातला नोकरदार पोरगा पैसे मोजून हुरडा खातो. तो काय विकत घेतो? चव, की गाव? मग माळेगावच्या यात्रेला आलेला माणूस ग्राहक म्हणायचा की भाविक? त्यानं घोडाही बघितला, तमाशाही बघितला, खंडोबाचं दर्शनही घेतलं. परदेशी पुस्तकातली 'लीझर'ची, म्हणजे फावल्या वेळेतल्या मौजेची, व्याख्या इथं अडखळते, आणि प्रबंध तिथंच सुरू व्हायला पाहिजे. माल लोकांच्या ताब्यात आहे, आणि लोक बोलतात, फक्त त्यांच्याजवळ बसायला वेळ लागतो.

जतनाच्या कामात माल पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. अजिंठ्याच्या चित्राचा मोहरीएवढा कण तपासायचा तरी कागदांचा ढीग लागतो, आणि लागलाच पाहिजे. कारण इतिहास ताजा आहे. १९२० नंतर निजाम सरकारनं लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारा गिलावा धरून ठेवला, ते उपकारच. पण चित्रांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, थर दिला आणि तो पुढं पिवळा पडत गेला. तो थर उतरवणं हेच नंतरच्या रसायनशास्त्रज्ञांचं मोठं काम होऊन बसलं. चांगल्या हेतूनं केलेली एक चूक शंभर वर्षं पुरते, असा हा विषय.

आणि तरी मराठवाड्यातल्या माणसाला जी संधी इथं आहे ती लखनौच्या संवर्धन प्रयोगशाळेतल्यालाही नाही. २०१६ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मॅनेजर राजदेव सिंग (मॅनेजर हे त्यांचं नावच) आणि आपल्याच विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राचे मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं दाखवलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथं किड्यांनी चित्रं पोखरली. वेरूळला तो त्रास जाणवत नाही. शहरापासून तीस किलोमीटरवरचा माल, गावाकडं ओळखू येणारं झाड, आणि काम जगभर वाचलं गेलं. यूजीसीच्या नेटमध्ये म्युझिऑलॉजी आणि कन्झर्व्हेशन, म्हणजे संग्रहालयशास्त्र आणि जतन, हा वेगळा पेपर आहे, हे केमिस्ट्रीच्या पोरांना कुणी सांगतच नाही. जागा थोड्या निघतात, हे खरं. गाईड केमिस्ट्रीचा शोधायचा की इतिहासाचा, हा घोळही होतो.

पोरीला मी दोन्हीच्या सांध्यावर बोट ठेवून दाखवलं. चित्रांच्या लेण्यात माणसं वाढली की दमटपणा वाढतो, म्हणून आत गर्दी आवरावी लागते. बाहेर थांबवलेल्या माणसाला काय दाखवलं तर तो नाराज होणार नाही, हा ग्राहक-वर्तनाचा प्रश्न. आतल्या भिंतीला किती श्वास सोसतात, हा रसायनाचा. तिनं अजून फॉर्म भरलेला नाही. आधी दोन्ही ठिकाणी एकेक अख्खा दिवस बसून ये म्हटलंय. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी, तेवढं बघून एस.टी. पकड.