फोनला वाचायला लावलं आणि लिहिणं सुधारलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

अँड्रॉइड फोनमध्ये 'सिलेक्ट टू स्पीक' नावाची मोफत सोय असते. सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त जाऊन ती चालू केली की निवडलेला मजकूर फोन मोठ्यानं वाचून दाखवतो. मुळात ती कमी दिसणाऱ्यांसाठी आहे. मी गेल्या पावसाळ्यापासून स्वतःचं लिखाण तपासायला वापरतोय, आणि आता ऐकल्याशिवाय एकही पत्र पाठवत नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिसचं काम बघतो. व्यापाऱ्यांना पत्रं, उधारीची आठवण, रोजचे मेल. आपलंच लिहिलेलं वाचताना गाळलेला शब्द डोळे मनातूनच भरून काढतात. फोन आहे तेवढंच वाचतो. जुन्या नमुन्यातलं 'सदर मालाची पोच आपणांस झालेली असून त्याबाबतची रक्कम अद्यापपर्यंत प्राप्त झालेली नसल्याचे निदर्शनास आले आहे' हे त्यानं एका दमात वाचलं, तेव्हा मुद्दा कुठं आहे तेच कळेना. आता तिथं असतं, 'माल १० तारखेला पोचला. पैसे अजून जमा झालेले नाहीत.'

सोलापुरात बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड, आणि लिहायचं मराठीत. माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी तेलुगू घरातले. घाईत 'चादर पाठवला' लिहिलं गेलं, तर ऐकताना त्यांनाच खटकतं आणि ते स्वतःच दुरुस्त करतात. दुसऱ्यानं चुका काढण्यापेक्षा हे फार बरं. माणूस लिहायला घाबरत नाही.

मुलगी दहावीला आहे. वहीतलं कथालेखन ती फोनवर बोलून टाइप करते, मग ऐकते. लागोपाठच्या वाक्यांत 'आणि मग' आलं की लगेच सापडतं.

ऱ्हस्व-दीर्घाला मात्र ही सोय उपयोगाची नाही. 'शरीर' लिहा की 'शरिर', कानाला सारखंच. तिथं नियमच शिकावे लागतात. मला आणि मुलीला सगळ्यात कामाला आलेला नियम: शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरात दीर्घ ई किंवा ऊ असेल, तर विभक्ती लागताना ते ऱ्हस्व होतं. 'फूल', पण 'फुलाला'. 'वकील', पण 'वकिलाला'. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत, म्हणून 'शरीराला'.

वापरणार असाल तर वाचण्याचा वेग थोडा कमी ठेवा, इअरफोन लावा. आणि लिहून झाल्या झाल्या ऐकू नका. चहा घेऊन या, मग ऐका.