जपायला जुनी स्कूल बस घ्यायची तर कुठली: क्राउन, ब्लू बर्ड, वेन की साधी इंटरनॅशनल?

गेल्या दोन वर्षांत चार-पाच जणांनी मला सेम प्रश्न विचारलाय, की जुनी अमेरिकन स्कूल बस विकत घ्यायची आहे तर कुठली घेऊ, म्हणून एकदाच नीट लिहिते. सीटा काढून आत बेड आणि किचन बसवणाऱ्यांसाठी हे नाही, त्यांचं गणित वेगळं असतं. ज्यांना ती बस बसच राहायला हवी आहे त्यांच्यासाठी हे आहे. म्हणजे हिरव्या रेक्झिनच्या सीटा, दोन्ही बाजूंचे खटके एकदम दाबल्याशिवाय खाली न येणाऱ्या खिडक्या, आणि ड्रायव्हर बसल्या जागेवरून दांडा ओढतो तेव्हा दाराच्या दोन फळ्या दुमडल्याचा तो आवाज. माझा मुलगा पहिलीत असताना तो आवाज कोपऱ्यावरून घरापर्यंत यायचा आणि मी चहा तसाच टाकून खाली धावायचे.

आता घाई का, तर या गाड्या खरंच संपत चालल्यात. अमेरिकेच्या २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात नव्या स्वच्छ स्कूल बससाठी ५ अब्ज डॉलर ठेवले, आणि त्यातून बस घेणाऱ्या शाळांना साधारणपणे २०१० किंवा त्याआधीच्या इंजिनाची जुनी डिझेल बस भंगारातच काढावी लागते, लिलावात विकता येत नाही. इंजिनाच्या ब्लॉकला ३ इंचांचं भोक पाडतात आणि चेसिसचे दांडे कापतात. मुलांच्या नाकात धूर जात नाही हे चांगलंच आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण एखादा नमुना तरी चालू अवस्थेत राहावा असं मनापासून वाटतं.

मॉडेल बघण्याआधी एक तारीख लक्षात ठेवा, १ एप्रिल १९७७. त्या दिवसापासून बनलेल्या बसना छप्पर किती भार झेललं पाहिजे, पत्र्यांचे जोड किती मजबूत हवेत, सीटची पाठ किती उंच आणि गुबगुबीत हवी, पेट्रोलची टाकी धक्क्यात फुटू नये, असे अमेरिकेच्या केंद्र सरकारचे नवे नियम लागू झाले. त्याआधीच्या बसमध्ये सीटची पाठ बुटकी असते आणि वर उघडा लोखंडी दांडा, बरोबर मुलाच्या दातांच्या उंचीला. १४ मे १९८८ ला केंटकीत कॅरलटनजवळ अपघातात एक जुनी स्कूल बस पेटली आणि २७ जण गेले, ती बस या तारखेच्या अगदी थोडी आधीची होती. त्यामुळे नुसती शेडमध्ये ठेवायची असेल तर १९६० च्या दशकातली गोल छपराची बस घ्या, फारच सुंदर दिसते, पण भाचेपुतणे घेऊन हिंडायचं असेल तर १९७७ च्या एप्रिलनंतरचीच बघा आणि दाराजवळची बनल्याच्या तारखेची प्लेट स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, नुसतं विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

आता क्राउन. लॉस एंजेलिसची कंपनी, सुपरकोच १९४८ पासून १९९१ पर्यंत बनली, बहुतेकींचं इंजिन पुढेही नाही मागेही नाही, मधोमध फ्लोअरच्या खाली आडवं. मागे दोन अॅक्सलवाली मोठी क्राउन ९० च्या वर मुलं घेऊन जायची. बहुतेक सगळ्या कॅलिफोर्निया आणि आसपासच चालल्या, तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर सहसा मीठ टाकत नाहीत, म्हणून गंज कमी. बघितली की कोणीही प्रेमात पडतो, मीही पडले होते. पण इंजिनाचं काही काम निघालं की गाडीखाली झोपायची तयारी हवी, खूप गाड्यांना ट्रकसारखा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, पार्ट ओळखीपाळखीतून मिळवावे लागतात. मुख्य म्हणजे क्राउनला चाहते आहेत, ती बस भंगारात निघाली की लगेच दहा फोन जातात. तिला तुमची गरज तितकी नाही, असं माझं मत. हेवर्डच्या गिलिगच्या जुन्या बसबद्दलही तेच.

ब्लू बर्ड म्हणजे जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅलीची. १९२७ पासून, कंपनी आजही चालू, म्हणून निर्णय सगळ्यात सोपा. ऑल अमेरिकन हे चपट्या नाकाचं मॉडेल १९४० च्या दशकाच्या शेवटी आलं आणि ते नाव अजून चालू आहे. काच, रबर, दाराचे भाग, बऱ्याच गोष्टी मिळतात. भीती वाटणाऱ्यांनी डोळे मिटून हीच घ्यावी. नॉर्थ कॅरोलिनाच्या थॉमसबद्दलही जवळजवळ हेच, पण मला स्वतःला थॉमसच्या जुन्या बसचा चेहरा कधी आवडला नाही, ते माझं वैयक्तिक.

कार्पेंटर स्वस्त मिळते तेव्हा सावध. इंडियानातल्या मिचेलच्या जुन्या कारखान्यातल्या काही बसच्या छपराच्या सांगाड्याला वेल्डिंगमध्ये तडे निघाले होते, २००३ मध्ये फ्लोरिडात एक बस उलटल्यावर ते बाहेर आलं. छताचा आतला पत्रा काढून बघू देत नसतील तर सोडून द्या.

आणि वेन. रिचमंड, इंडियाना. १९७३ मध्ये त्यांनी लाइफगार्ड आणली, तिच्या बाजूचे पत्रे पुढून मागेपर्यंत सलग एकच, म्हणजे जोड फार कमी. बाकीच्या बसवर दर दोन खिडक्यांनंतर रिव्हेटची उभी रांग दिसते, हिच्यावर हात फिरवला तर हात कुठे अडकतच नाही. जोडांचा नियम यायच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट आहे! १९९२ मध्ये कंपनी बुडाली, नव्या नावाने पुन्हा उभी राहिली, आणि १९९५ ला तेही बंद. आज वेनची बॉडी म्हणून नवं काहीच मिळत नाही. खिडकीची चौकट वाकली तर दुसरी मेलेली वेन शोधायची.

इथे एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते आणि तिथेच सगळा निर्णय फिरतो. लांब नाकाच्या साध्या स्कूल बसमध्ये बॉडी एकाची आणि चेसिस दुसऱ्याची असते. वेन, ब्लू बर्ड, वॉर्ड, कार्पेंटर हे मागचा पिवळा डबा बनवायचे, खालचं चेसिस, इंजिन आणि बॉनेट फोर्ड, जीएम किंवा इंटरनॅशनलचं. म्हणजे 'वेन की इंटरनॅशनल' हा प्रश्नच नाही, दोन्ही एकाच गाडीत मिळतात. इंटरनॅशनलची एस-सिरीज १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्याच जुन्या लोडस्टार मॉडेलच्या जागी आली आणि पुढची वीसेक वर्षं निम्मी शाळा तिच्यावरच गेली असं वाटावं इतकी सगळीकडे होती. इतकी साधी की कोणी फोटोसुद्धा काढला नाही, आणि म्हणूनच ती सगळ्यात आधी संपतेय.

इंजिनात माझी पसंती इंटरनॅशनलच्याच डीटी४६६ या डिझेलला, आणि तेही आधीचं मेकॅनिकल पंपवालं. त्याचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, वेगळे निघतात, त्यामुळे इंजिन चेसिसमधून न उतरवता रिबिल्ड होतं, ट्रकवाले मेकॅनिक झोपेत करतील. कमिन्सचं १२ व्हॉल्व्हचं ५.९ पण छान, फक्त पुढच्या टायमिंग केसमधली छोटी पिन सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते, ती आधी पक्की करून घ्या. पेट्रोलवाली फोर्ड-जीएम घेतली तर आवाज गोड, खर्च वेगळा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एलिसन कंपनीचा एटी५४५ असेल तर चढावर तापतो, कारण त्याच्या कन्व्हर्टरला लॉकअप नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत, त्यांचाच एमटी६४३ मिळाला तर तो घ्या. हायवेला तासाला ५५ मैलांच्या पुढची अपेक्षा अशा साध्या बसकडून ठेवू नका.

गंज मात्र ब्रँड बघत नाही. मी पहिली बस बघायला गेले तेव्हा फोनवर सांगितलं होतं "गंज अजिबात नाही", बाहेरून रंगही चकचकीत. मागच्या चाकाच्या उंचवट्याजवळ रबराची मॅट उचलली तर खालचं प्लायवूड काळं आणि ओलसर, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. भोकातून खालचं गवत दिसत होतं. तेव्हापासून मी आधी मॅट उचलते, मग हॅलो म्हणते. पायऱ्यांच्या खालूनही बघा, मीठवाल्या राज्यात तिथूनच सुरुवात होते.

रंगाचं पण आधी विचारून घ्या. हा पिवळा १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत ठरला, आणि आज अनेक राज्यांत शाळेची नसलेली बस त्या रंगात चालवता येत नाही, बाजूला उघडणारी स्टॉपची पाटी आणि लाल दिवेही काढावे किंवा झाकावे लागतात. ऐतिहासिक वाहन म्हणून सवलत मिळते का आणि लायसन्स कुठलं लागतं हे पैसे देण्याआधी तुमच्या राज्याच्या डीएमव्हीत, म्हणजे तिथल्या आरटीओत, विचारा.

तर माझं उत्तर असं. पहिलीच जुनी गाडी असेल आणि गॅरेजचा अनुभव नसेल तर ब्लू बर्डची बॉडी, इंटरनॅशनल एस-सिरीज चेसिस, डीटी४६६. थोडं हात काळे करायची तयारी असेल तर तेच चेसिस आणि वर वेन लाइफगार्ड, खालचे पार्ट कुठल्याही ट्रकच्या दुकानात मिळतील आणि वरचा डबा कोणीच परत बनवणार नाही. लिलावात या बस अजून काही हजार डॉलरला निघतात, बहुतेक वेळा समोर बोली लावणारा भंगारवालाच असतो. माझ्याकडे आता ही एस-सिरीज आणि वेनचीच जोडी आहे, बाजूला शाळेचं नाव खरवडून काढलंय पण सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं अजून वाचता येतात, आणि दाराचा दांडा मी मुद्दाम तेल न घालता ठेवलाय.