फ्लॅट विकताना एकच एजंट की चौघांच्या कानावर घालायचं?

जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडचा टू बीएचके विकायला काढला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे ओळखीच्या एजंटाकडे सोपवून मोकळं व्हा. दुसरा म्हणजे चार-पाच जणांना सांगून ठेवा, कुणाकडे तरी गिऱ्हाईक निघेल.

दुसऱ्या सल्ल्यात तथ्य आहे. आपल्याकडे एजंट भागाभागात वाटलेले असतात. विजापूर रोडवर ज्याची ऊठबस, त्याच्याकडे अक्कलकोट रोडचं गिऱ्हाईक क्वचितच येतं. शहराबाहेरचा बिनशेती प्लॉट असेल तर मीही चौघांनाच सांगेन. राहत्या फ्लॅटचं मात्र वेगळं आहे, आणि त्याला कारण एकच: किंमत.

समजा, तुम्ही सगळ्यांना ४२ लाख सांगितले. पहिला एजंट तेवढेच सांगतो. दुसरा घासाघीस गृहीत धरून ४४ म्हणतो. तिसऱ्याला गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नसतं, म्हणून तो हळूच सोडून देतो, "मालकाला गरज आहे, ३८ला तोडून देतो." तिन्ही आकडे एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात, फोटो तेच, स्वयंपाकघरातला कट्टा तोच. घेणारा साहजिकच ३८पासून बोलायला बसतो आणि तुम्ही ४२ म्हणालात की तुम्हीच भाव वाढवल्यासारखं होतं. हा आकडा पुन्हा वर नेणं मला तरी कधी जमताना दिसलं नाही. वर किल्ली कुणाकडे, पंखे चालू कुणी ठेवले, याचा पत्ता नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

एकाच एजंटाचा धोका उलटा: तो निवांत बसतो. म्हणून मुदत घालावी, साठ दिवस पुरेत. दर रविवारी त्याने मेसेज करायचा, कोण येऊन गेलं आणि काय खटकलं. "बघून गेले, कळवतो म्हणाले" हे उत्तर चालवून घेऊ नये. "हॉल पश्चिमेचा, उन्हाळ्यात तापेल म्हणाले" यातून काहीतरी हाती लागतं. दुसऱ्या भागातल्या एजंटांना त्यानेच विचारावं आणि कमिशन आपसात वाटून घ्यावं. आपल्याला आकडा एकाच तोंडून ऐकू यायला हवा. तो घेणाऱ्याकडूनही कमिशन घेणार का, हे पहिल्याच दिवशी विचारलेलं बरं. घेणार असेल तर शेवटची किंमत त्याच्यापाशीही बोलू नये.

फोनवर ठरलेलं त्याच संध्याकाळी लिहून पाठवावं. साधारण असं: "कार्पेट ६२० चौरस फूट, दुसरा मजला, लिफ्ट आहे, पार्किंग एक. महापालिकेचं पाणी चार दिवसाआड, बोअर आहे. बँकेचं कर्ज शिल्लक. किंमत ४२ लाख, कमी-जास्त फक्त मालकाशी. कमिशन एक टक्का, खरेदीखत नोंदल्यावर." कार्पेट म्हणजे घरातली वापरायची जागा. त्याऐवजी भिंती धरून येणारं बिल्टअप सांगून गिऱ्हाईक आणलं तर ते टेप काढतं आणि सौदा तिथेच मोडतो. पाण्याचं लपवण्यात अर्थ नाही, सोलापूरकर पहिला प्रश्न तोच विचारतो. कर्जाचं तर आधीच सांगावं. मूळ कागद बँकेत असतात. घेणाऱ्याची बँक शिल्लक रकमेचं पत्र आणि कागदांची यादी मागते आणि ते मिळेपर्यंत व्यवहार अडकतो. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट, अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशनची (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणल्याच्या दस्ताची) प्रत, शिवाय इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा खरेदीचा गोषवारा) आणि मिळकत कराची पावती, एवढं एजंटाकडे झेरॉक्समध्ये असू द्यावं. मूळ कागद कुणालाच देऊ नयेत.

घेणाऱ्याने मात्र दोन-तीन एजंट खुशाल धरावेत. फक्त निघण्याआधी इमारतीचं नाव आणि मजला विचारून घ्यावा. आधी पाहिलेला फ्लॅट असेल तर जिना चढण्यापूर्वीच "हा अमक्यांनी दाखवलाय" असा मेसेज टाकावा, नाहीतर सौदा ठरल्यावर दोघेही कमिशन मागायला उभे राहतात. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या घरबांधणी नियामकाकडे, नोंदलेल्या नव्या प्रकल्पातला फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटाला महारेरा नोंदणी सक्तीची आहे. नंबर मागून महारेराच्या संकेतस्थळावर पाहावा. मागितल्यावर टाळाटाळ केली तर पुढे जाऊ नये. आणि विसाराचा चेक मालकाच्याच नावाने द्यावा, एजंटाने "मी पोचवतो" म्हटलं तरी.