परदेशी शस्त्रक्रियेसाठी राहण्या-फिरण्याचं पॅकेज: काही महिन्यांनंतरचा अनुभव, आणि एका उंबऱ्याबद्दल बरंच काही

गेल्या आठवड्यात पॅकेज देणाऱ्या कंपनीचं शेवटचं उत्तर आलं. वाढीव मुक्कामाचे पैसे परत मिळणार नाहीत, कारण मुक्काम ‘ग्राहकाच्या विनंतीवरून’ वाढवला होता. विनंती कसली? बाबांच्या पोटरीला सूज आली, सर्जननी विमानात बसायला मनाई केली, म्हणून आम्ही थांबलो. प्रकरण मिटेपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता मिटलं आहे, तेव्हा जसं घडलं तसं लिहिते.

अशा पॅकेजमध्ये काय काय असतं ते वाचणाऱ्यांना माहीत असेलच: विमानतळावरून ने-आण, हॉस्पिटलजवळ सर्व्हिस अपार्टमेंट, तपासण्यांसाठी गाडी आणि फोनवर एक को-ऑर्डिनेटर. बाबांचा उजवा खुबा बदलायचा होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हॉस्पिटलबद्दल माझी एका शब्दाचीही तक्रार नाही. जे बिनसलं ते हॉस्पिटलच्या दाराबाहेर.

आधी बाथरूमच्या उंबऱ्याबद्दल, कारण त्यानेच आमचा सगळा मुक्काम खाल्ला.

पैसे भरण्याआधी मी मेलवर स्पष्ट विचारलं होतं: कमोडची उंची किती, बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी किती, आत जाताना पायरी आहे का. उत्तर आलं, ‘अपार्टमेंट पूर्णपणे ॲक्सेसिबल आहे.’ मी पुन्हा आकडे मागितले. पुन्हा तेच वाक्य आणि सोबत चकचकीत फोटो. फोटो दारात उभं राहून शॉवरच्या दिशेने काढलेला, त्यामुळे दारही दिसत नव्हतं आणि त्याखालची जमीनही. पोहोचल्यावर टेप लावली. बाथरूमची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा 15 सेंटिमीटर उंच निघाली.

धडधाकट माणूस 15 सेंटिमीटर न बघता ओलांडतो. खुबा बदललेल्या माणसाला पायरी चढायची शिस्त पाळावी लागते आणि ती फिजिओथेरपिस्ट सुरुवातीलाच शिकवतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, एक हात कठड्यावर. इथे कठडा नव्हता, दार अरुंद होतं आणि हातात वॉकर. वॉकर उचलून वर ठेवायचा म्हटलं की माणूस कमरेतून पुढे वाकणार. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर बरेच सर्जन सुरुवातीचे काही आठवडे खुबा 90 अंशांपेक्षा जास्त दुमडू देत नाहीत, सांधा निखळण्याचा धोका असतो. बाबांना रात्री उठावं लागतंच. दर वेळी मी त्यांच्या मागे, एक हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर, दुसरा चौकटीवर. “तू झोप गं, मी जाईन हळूहळू,” असं ते म्हणायचे. मला ते शक्यच नव्हतं.

अमेरिकेत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 1990 चा आहे. त्याखालच्या 2010 च्या मानकांमध्ये दाराच्या उंबऱ्याची कमाल उंची अर्धा इंच, म्हणजे साधारण 13 मिलिमीटर ठरवली आहे. दाराची मोकळी रुंदी किमान 32 इंच, कमोडची बैठक 17 ते 19 इंच उंच. ही मानकं सगळ्या जगाला बांधील नाहीत हे मान्य. पण रुग्णांना खोल्या देणं हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांनी ‘ॲक्सेसिबल’ हा शब्द लिहिताना मनात कुठला तरी आकडा धरलेला असावा. आमचा उंबरा या मापाच्या अकरा पटींहून उंच होता.

तक्रार केल्यावर एक माणूस लाकडी फळी घेऊन आला, हातभर लांबीची. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं सर्वमान्य प्रमाण 1:12 आहे. 15 सेंटिमीटर चढायचं तर उतार 180 सेंटिमीटर लांब हवा, आणि बाथरूमसमोरचा पॅसेजच तेवढा नव्हता. त्या फळीवर वॉकर टेकवला असता तर तो बाबांसकट मागे आला असता. फळी मी लगेच परत पाठवली आणि खोली बदलून मागितली. को-ऑर्डिनेटर म्हणाली, “मॅडम, या इमारतीत सगळी बाथरूम अशीच आहेत.” म्हणजे मी मेल लिहिला तेव्हाही त्यांना हे ठाऊक होतं. माझा राग आहे तो याच गोष्टीचा, उंबऱ्याइतकाच.

कमोडही बुटका होता. त्याला मात्र उपाय सापडला. हॉस्पिटलजवळच्या दुकानातून कमोडवर बसवून घट्ट करता येते अशी 10 सेंटिमीटर उंचीची बैठक घेतली. या सगळ्या प्रवासात पैसा सर्वात सत्कारणी लागला तो इथे. ती आम्ही घरी आणली, बाबा अजून रोज वापरतात, आणि ती सैल झालेली नाही की तिला तडा गेलेला नाही. हालचालीसाठी लागणारी साधनं बहुतेक विमान कंपन्या सामानाच्या वजनात धरत नाहीत, पण ही सवलत कुठल्या साधनांना लागू आहे ते आधी विचारून घ्या. वॉकर त्यात नक्की येतो.

कंपनीच्या माहितीपत्रकावर जॉइंट कमिशन इंटरनॅशनल या हॉस्पिटलं तपासून मानांकन देणाऱ्या संस्थेचं सोनेरी चिन्ह होतं, अपार्टमेंटच्या फोटोला अगदी खेटून. ते मानांकन हॉस्पिटलचं आहे. हॉस्पिटलच्या आत औषधं कशी दिली जातात, जंतुसंसर्ग कसा रोखला जातो, रुग्णाची ओळख कशी पटवली जाते, हे सगळं त्यात तपासलं जातं. हॉस्पिटलने नेमलेलीही नाही अशा इमारतीतल्या खोलीची जबाबदारी त्यात येत नाही. चिन्ह कुणाच्या नावावर आहे ते वाचा, कुठे छापलंय यावर जाऊ नका.

आता पैशांचं. पॅकेजची रचना अशी: शस्त्रक्रियेआधीच्या काही रात्री, डिस्चार्जनंतर टाके काढेपर्यंतच्या रात्री, आणि विमानतळ. टाके किंवा स्टेपल साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात, म्हणून हिशेब तिथे थांबवलेला. पण टाके निघाले म्हणजे विमानात बसता येतं असं नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला छाती किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान 10 दिवस थांबायचा आहे, चेहरा, पापण्या, नाक यांच्या शस्त्रक्रियांनंतर 7 ते 10 दिवस. केबिनमधला हवेचा दाब 6000 ते 8000 फूट उंचीवरच्या दाबाएवढा असतो, त्यामुळे शरीरात अडकलेली हवा प्रसरण पावते. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरेपर्यंत विमान बंदच. खुबा आणि गुडघा यांत भीती वेगळी: पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे चार तासांहून जास्त प्रवासात एका जागी बसून राहिल्याने गुठळीचा धोका जवळपास दुप्पट होतो. निरोगी माणसात तो दुप्पट होऊनही साधारण 6000 मध्ये एक इतकाच राहतो. सांधा नुकताच बदललेला माणूस मुळात त्या गटातच नसतो, म्हणून तर त्यांना रक्त पातळ ठेवणारं औषध अनेकदा 35 दिवसांपर्यंत चालू ठेवतात.

बाबांच्या पोटरीची डॉप्लर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह बघणारी तपासणी झाली, गुठळी नव्हती. तरी सर्जननी सूज उतरेपर्यंत थांबायला सांगितलं आणि योग्यच केलं. त्याच दिवशी कंपनीचा मेल आला: पुढच्या रात्री पॅकेजच्या दरात मिळणार नाहीत, रोजच्या सुट्या दराने भराव्या लागतील, आणि विमानतळाच्या गाडीचं कुपन जुन्या तारखेनंतर बाद होईल. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या माणसाचा मुक्काम लांबू शकतो, हे ज्या करारात धरलेलंच नाही तो करार रुग्णांसाठी केलेला नाही. माझा वाद या मुद्द्यावर होता, रकमेवर नंतर. परतीचं तिकीट मात्र मी हट्टाने तारीख बदलता येणारं घेतलं होतं. कंपनी स्वस्त, न बदलणारं सुचवत होती. घासाघीस मीही सगळीकडे करते, पण या एका तिकिटावर वाचवू नका. आणि विमा बघून घ्या: साध्या प्रवास विम्यात उपचारासाठीच केलेला प्रवास आणि त्यातून उद्भवलेली गुंतागुंत बहुतेक वेळा वगळलेली असते. वाढीव मुक्काम भरून देणारं वेगळं संरक्षण आहे का, हे लेखी विचारा.

गाडीबद्दल माझं मत मधल्या काळात पूर्ण बदललं. पहिल्या दिवशी जुनी, चौकोनी, उंच छपराची गाडी आली तेव्हा मी कंपनीला फोन करून नवी गाडी मागितली होती. डिस्चार्जनंतर एकदा ती आलीही, लांबलचक आणि गुळगुळीत. तिची सीट इतकी खाली होती की बसल्यावर बाबांचा गुडघा खुब्याच्या वर आला, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच. बाहेर पडताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. त्यानंतर जुनी गाडीच मागवत राहिले.

तिचा ड्रायव्हर या सगळ्या साखळीतला एकमेव माणूस, ज्याला रुग्ण कसा बसतो ते समजत होतं. पुढची सीट पूर्ण मागे सरकवायची आणि पाठ थोडी कलती करायची. रुग्णाने गाडीकडे पाठ करून, दोन्ही पोटऱ्यांना सीट लागेपर्यंत मागे यायचं, शस्त्रक्रियेचा पाय पुढे सरळ ठेवून टेकायचं, आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. सीटवर तो प्लास्टिकची पिशवी पसरायचा, त्यामुळे कापडाला घर्षण होत नाही आणि वळताना खुब्याला पीळ बसत नाही. गाडी सुरू होण्याआधी पिशवी काढून घ्यायचा, नाहीतर ब्रेकला माणूस पुढे घसरतो. फूटपाथला गाडी खेटली तर बाबांना वरून खाली बसावं लागतं, म्हणून तो नेहमी थोडं अंतर सोडून, सपाट रस्त्यावर दार उघडायचा. हे त्याला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्टने नंतर अगदी हेच करून दाखवलं.

काही महिन्यांनी तपासणीसाठी पुन्हा जायचं होतं तेव्हा पॅकेज घेतलं नाही. खोली एका साध्या हॉटेलात घेतली, हॉस्पिटलपासून बरीच लांब. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, बाथरूमच्या दारात मोजपट्टी उभी धरून फोटो पाठव, कमोडशेजारी धरून दुसरा, आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंतच्या वाटेचा एक व्हिडिओ. तिने लगेच पाठवले. उंबरा नव्हता, फक्त पितळी पट्टी. लिफ्ट एक की दोन हेही विचारलं, कारण एकच असेल आणि बंद पडली तर रुग्ण खोलीत कोंडला जातो. गाडी त्याच ड्रायव्हरची, थेट ठरवलेली. हॉस्पिटलपासूनच्या अंतराचा काहीही त्रास झाला नाही. ‘हॉस्पिटल चालत पाच मिनिटांवर’ ही पॅकेजची मोठी जाहिरात होती, पण वॉकर घेतलेला माणूस ते अंतर चालत जात नाही, गाडीनेच जातो, आणि एकदा गाडीत बसल्यावर पाच मिनिटं काय आणि पंचवीस काय. जवळचं ठिकाण सोबतच्या माणसाला उपयोगी पडतं, रुग्ण दाखल असताना. त्यापुरतं ते खरं आहे.

विमानतळावरच्या व्हीलचेअरबद्दल एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हणून भागत नाही, त्याचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा कोड आहे. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस पायऱ्या चढू शकतो, लांब चालू शकत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट आसनापर्यंत न्यावं लागतं. कंपनीने परतीच्या प्रवासाला पहिला प्रकार नोंदवला होता. विमान इमारतीपासून लांब उभं असलं आणि जिन्याने चढायची वेळ आली, तर नोंदीप्रमाणे बाबा चढू शकणारे ठरले असते. तिकिटावरचा कोड बघून मी विमान कंपनीला फोन केला आणि तो बदलून घेतला. विमान खरंच लांब उभं होतं. प्रवाशाला वर उचलून नेणाऱ्या गाडीने बाबांना विमानाच्या दारापर्यंत नेलं. ही नोंद किमान 48 तास आधी करा. व्हीलचेअरचे प्रवासी विमानातून शेवटी उतरतात, त्यामुळे मध्ये विमान बदलायचं असेल तर भरपूर वेळ ठेवा. नव्या सांध्यातला धातू सुरक्षा दारात वाजतो. डॉक्टरांचं पत्र दाखवून तपासणी टळत नाही, पण इंजेक्शनच्या भरलेल्या सिरिंजेस हातातल्या बॅगेत नेताना तेच पत्र कामी येतं.

गुण द्यायचे तर जुन्या गाडीला पाच, कमोडवरच्या बैठकीला पाच, को-ऑर्डिनेटरला दोन, कारण रात्री फोन उचलायची. अपार्टमेंटला एक.

डाव्या खुब्याचं पुढच्या वर्षी बघू असं सर्जन म्हणालेत. त्याच हॉटेलात, त्याच मजल्यावरची खोली मागून ठेवली आहे, रद्द करता येणारी. ड्रायव्हरलाही कळवलंय. गाडी विकायचा विचार होता म्हणे, आता वर्षभर ठेवतो म्हणाला.